लॅपटॉपचं वायफाय सारखं जातंय? आधी कुठली कडी तुटतेय ते पकडा

मीटिंग चालू असताना वायफाय गेलं की पहिला हात राउटरच्या बटणाकडे जातो. बंद करायचं, दहा आकडे मोजायचे, चालू करायचं. जोडणी परत येते, पण नेमकं काय बिघडलं होतं याचा पुरावाही त्याबरोबर पुसला जातो. लॅपटॉप, राउटर आणि बाहेरून आलेली फायबर, या तिघांपैकी कोणीही अडखळलं तरी रिस्टार्टनंतर थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं. म्हणून एक-दोन दिवस तो मोह आवरा आणि वायफाय जाईल त्या क्षणी पुढच्या तपासण्या करा. खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. कमांड आणि आकडे इथे देवनागरीत लिहिले असले तरी टाइप इंग्रजीतच करायचे.

फोनची साक्ष, पण मोबाइल डेटा बंद करून

लॅपटॉपचं नेट गेलं की त्याच खोलीत, त्याच वायफायवर फोन चालतो का ते बघा. त्याआधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा. तो चालू असेल तर वायफायमध्ये इंटरनेट नाही हे कळताच फोन गुपचूप मोबाइल नेटवर्कवर जातो आणि 'फोनवर तर चालतंय, म्हणजे लॅपटॉपच खराब' असा चुकीचा निकाल लागतो.

लॅपटॉपवरचं चिन्हही नीट बघा. त्यावर माउस नेल्यावर वायफायचं नाव आणि 'नो इंटरनेट' दिसतंय, ही एक गोष्ट. नाव जाऊन 'नॉट कनेक्टेड' आलं, म्हणजे जोडणीच सुटली, ही दुसरी. पहिल्यात राउटरपर्यंतचा दुवा बहुधा शाबूत असतो, दुसऱ्यात तोच तुटलेला असतो.

दोन पिंग, दोन खिडक्या

स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. 'आयपीकॉन्फिग' ही कमांड द्या आणि वायरलेस अ‍ॅडॉप्टरच्या भागात 'डिफॉल्ट गेटवे'समोरचा आकडा टिपून घ्या. तो बहुतेक १९२.१६८.१.१, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.२९.१ असा असतो. हा तुमच्या राउटरचा पत्ता.

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला सारखी हाक मारून उत्तर येतं का, किती वेळात येतं ते बघणं. आता दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत 'पिंग', गेटवेचा पत्ता आणि शेवटी 'डॅश टी' द्या. दुसरीत गेटवेच्या जागी ८.८.८.८ (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) लिहा. 'डॅश टी'मुळे पिंग थांबवेपर्यंत चालू राहतो, कंट्रोल आणि सी दाबलं की थांबतो. दोन्ही चालू ठेवून रोजचं काम करा. पुढे नेट जाईल तेव्हा असं वाचा:

- दोन्ही खिडक्यांत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' किंवा 'जनरल फेल्युअर' आलं आणि फोन मात्र चालतोय: दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या हवेत किंवा लॅपटॉपमध्येच.
- गेटवे उत्तर देतोय, ८.८.८.८ गप्प: वायफाय ठणठणीत आहे. राउटरच्या पलीकडची लाइन गेली.
- दोन्ही उत्तरं देतायत, तरी संकेतस्थळं उघडत नाहीत: डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची भानगड. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरून बघा. कंपनीचा व्हीपीएन चालू असेल तर आधी तो बंद करून पाहा.
- लॅपटॉप, फोन, टीव्ही सगळ्यांचंच वायफाय एकदम गायब झालं: राउटरच बंद पडून पुन्हा सुरू होतोय, किंवा त्याने चॅनल बदललाय.

गेटवेच्या पिंगमधल्या वेळेकडेही लक्ष असू द्या. चांगल्या जोडणीत उत्तर १ ते १० मिलिसेकंदांत येतं. जोडणी न तुटताही हा आकडा मध्येच २००, ८००, १५०० असा उसळत असेल, तर व्हिडिओ कॉल अडकण्याचं कारण घरातच आहे. सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करून काही हाती लागणार नाही.

विंडोज स्वतःचाही अहवाल ठेवतं. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा आणि चार शब्द टाइप करा: पहिला एन-ई-टी-एस-एच, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन, तिसरा शो, चौथा डब्ल्यू-एल-ए-एन-रिपोर्ट (जोडून, मध्ये जागा न सोडता). गेल्या तीन दिवसांत जोडणी कधी लागली, कधी तुटली याचं पान तयार होतं आणि ते कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते तिथेच लिहून येतं, ब्राउझरमध्ये उघडायचं. त्यात 'डिस्कनेक्टेड बाय द ड्रायव्हर' असं वारंवार दिसलं म्हणून लगेच ड्रायव्हरला फाशी देऊ नका. सिग्नल कमी पडला तरी तेच लिहून येतं. कामाची गोष्ट म्हणजे वेळा. दर वेळी लॅपटॉप झोपेतून उठल्यावर तुटतंय का, संध्याकाळी सात ते दहामध्येच तुटतंय का, मायक्रोवेव्ह चालू असताना तुटतंय का, हे त्या वेळांवरून समजतं.

राउटरच बंद पडतोय का?

ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकून राउटरच्या पानावर जा. नाव आणि पासवर्ड सहसा डब्याखालच्या स्टिकरवर असतात. 'स्टेटस'मध्ये 'अपटाइम' नावाची ओळ शोधा. राउटर कोणी हात लावल्याशिवाय आठ दिवस चालू आहे आणि अपटाइम ४० मिनिटं दाखवतोय, तर तो मध्ये स्वतःहून बंद पडला होता. हा एक आकडा अर्धा तपास संपवतो, आणि तोच कोणी बघत नाही.

असं असेल तर संशय आधी अ‍ॅडॉप्टरवर. बहुतेक राउटर आणि फायबरचे डबे १२ व्होल्टचे असतात, काही ९ व्होल्टचे. दोन-तीन वर्षं चोवीस तास चाललेला अ‍ॅडॉप्टर आतून थकतो. मल्टिमीटरवर १२ दाखवतो, पण भार आला की खाली घसरतो, म्हणून नुसत्या मीटरवर विसंबू नका. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त चालतील: १ अँपिअरच्या जागी २ चालेल, २ च्या जागी १ नाही. पिन सैल बसत असेल तर माप चुकलंय. ५.५ मिमीच्या पिनमध्ये आतलं भोक २.१ आणि २.५ मिमी अशा दोन मापांत येतं आणि वरून दोन्ही सारखीच दिसतात.

पावसाळ्यात क्षणभर वीज लपकण्याचा प्रकार ठाणे-नवी मुंबईला नवा नाही. दिवे फक्त मिचकावतात, लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, राउटर मात्र बंद पडून पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. यावर १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस हा खात्रीचा उपाय. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही त्यावर हवेत आणि दोघांच्या अँपिअरची बेरीज त्याला झेपली पाहिजे.

उष्णतेनेही हेच होतं. दाराजवळच्या चपलांच्या कपाटात किंवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत कोंबलेला डबा एप्रिल-मेच्या दुपारी तापतो आणि अडखळतो. दुपारीच तुटत असेल तर दोन दिवस तो बाहेर काढून ठेवा, उत्तर मिळेल.

भिंती: इथे घराचं वय महत्त्वाचं

राउटर चालूच आहे, फोनही चालतोय, फक्त आतल्या खोलीतला लॅपटॉप सुटतोय. ठाणे-नवी मुंबईतल्या घरांमध्ये हीच तक्रार सर्वांत जास्त येते, आणि तिचं मूळ बांधकामात आहे. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत किंवा वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको घरांत आतल्या भिंती साडेचार इंची विटेच्या असतात. त्यातून सिग्नल कमी होतो, पण पोचतो. घोडबंदर रोड, कोलशेत, खारघर इथले गेल्या काही वर्षांतले अनेक टॉवर मायवन पद्धतीचे आहेत. त्यात आतल्या भिंतीसुद्धा विटेच्या नसून सळई घातलेल्या काँक्रीटच्या असतात. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर सिग्नल सोडतो; अशा दोन भिंती ओलांडताना ५ चा जवळजवळ संपतो. त्यात फायबरचा डबा बसवणारा माणूस तो बहुतेक मुख्य दाराशी लावून जातो आणि कामाचं टेबल असतं शेवटच्या बेडरूममध्ये.

मोजायचं कसं? वरच्याच चार शब्दांच्या कमांडमध्ये शेवटचा शब्द बदलून 'इंटरफेसेस' लिहा. येणाऱ्या यादीत 'सिग्नल', 'चॅनल' आणि 'रिसीव्ह रेट' या तीन ओळी बघायच्या. विंडोज सिग्नल टक्क्यांत देतं. त्याचं मूळ माप डीबीएम, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला: १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम, ६० टक्के म्हणजे उणे ७०, ४० टक्के म्हणजे उणे ८०. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ च्या आसपास, म्हणजे साधारण ६५ टक्के तरी हवेत. ४० च्या खाली जोडणी कधीही सुटू शकते. मॅकबुकवर ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की हे आकडे थेट डीबीएममध्ये दिसतात.

लॅपटॉप हातात घेऊन हॉल, पॅसेज, बेडरूमचं दार, टेबल अशा चार ठिकाणी हा आकडा लिहून घ्या. दारात ७० आणि टेबलावर ३५ असेल तर सेटिंग बदलण्यात वेळ घालवू नका, टेबल किंवा राउटर हलवा. राउटर पॅसेजच्या तोंडाशी, छातीपेक्षा उंच, उघड्यावर ठेवा. मध्ये लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा किंवा फिश टँक नको. धातू सिग्नल परतवतो आणि पाणी तो शोषून घेतं.

हलवणं शक्य नसेल तर दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा जादा डबा) लागेल, आणि आमचं मत ठाम आहे: तो केबलने जोडा. बिनतारी रिपीटरला मिळणारा सिग्नलही त्याच काँक्रीटमधून आलेला असतो. वायफायच्या चिन्हात पूर्ण रेघा दिसतात, वेग मात्र निम्म्याखाली. बहुतेक फ्लॅटमध्ये बेडरूमपर्यंत टीव्ही किंवा टेलिफोनचा पाइप आधीच असतो. त्यातून कॅट ६ केबल ओढून घेणं हे इलेक्ट्रिशियनचं थोड्या वेळाचं काम आहे. १०० मीटरपर्यंत ती एक गिगाबिटचा पूर्ण वेग देते. घरात एवढी लांबी कधीच लागत नाही.

शेजाऱ्यांची गर्दी आणि चॅनल

सोसायटीत उभं राहून वायफायची यादी उघडली तर वीस-तीस नावं सहज दिसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात १३ चॅनल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. अँड्रॉइडवरचं वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप उघडून कामाच्या टेबलाशी यांपैकी कुठला मोकळा आहे ते बघा आणि राउटरमध्ये तो कायमचा नेमा. रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की शेजाऱ्यांशी भांडण वाढतं, वेग वाढत नाही. ३ किंवा ८ असा 'मधला' चॅनल निवडणं ही हुशारी अंगलट येते, कारण तो दोन्हीकडचा गोंगाट ऐकतो. १२ आणि १३ सुद्धा टाळा. अमेरिकेहून कोणी आणलेल्या लॅपटॉपला ते सहसा दिसतच नाहीत.

याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही आहेत. आणखी एक चोर फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क किंवा हब २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट सोडतो. डिस्क लावली की वायफाय लंगडतं, काढली की सुधारतं, असं असेल तर ती जरा लांब केबलने लॅपटॉपपासून दूर ठेवा, किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे. २०१८ मध्ये हा पट्टा भारतात आणखी मोकळा झाला. पण त्यातले ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. राउटरला तिथे रडारची चाहूल लागली, खरी किंवा भासलेली, की तो चॅनल तत्काळ सोडतो आणि अर्धा तास तिकडे फिरकत नाही. त्यातल्याच दुसऱ्या चॅनलवर गेला तर आधी किमान एक मिनिट नुसता ऐकत बसतो. घरातल्या सगळ्या यंत्रांवरून ५ गिगाहर्ट्झचं नाव मिनिटभर नाहीसं होतं, मग परत येतं. अंधेरीच्या बाजूला वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार २०२२ पासून आहे आणि अशी रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. त्यामुळे वरच्या मजल्यांवर, मुंबईकडे तोंड असलेल्या घरांत ही शक्यता गृहीत धरायला हरकत नाही. उपाय सोपा आहे: 'ऑटो' सोडून ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला चॅनल नेमा. या दोन गटांत शेजारीही जास्त असतात, म्हणून रुंदी ८० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ करून बघा.

एकाच नावाखाली दोन पट्टे

'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टीअरिंग' चालू असलं की २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव असतं. सीमेवरच्या खोलीत लॅपटॉप दोघांमध्ये येरझाऱ्या घालतो आणि प्रत्येक उडीला कॉल अडकतो. तपासापुरती दोन्ही नावं वेगळी करा आणि लॅपटॉपला एकालाच जोडा. दोन दिवसांत तुटणं थांबलं तर कारण सापडलं, नावं तशीच ठेवून द्या. सुरक्षेत 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड' असेल आणि लॅपटॉप जुना असेल तर तात्पुरतं 'डब्ल्यूपीए२ एईएस' करून पाहा. काही जुन्या कार्डांना मिश्र प्रकार पचत नाही.

लॅपटॉपमधल्या सेटिंग

एका वेळी एकच बदल करा आणि मध्ये एक दिवस जाऊ द्या. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

सुरुवात वीज वाचवण्यापासून. चार्जर लावल्यावर ठीक आणि बॅटरीवर असताना तुटतं, किंवा झाकण उघडल्यावर वायफाय सापडत नाही, ही तिची खूण. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्समध्ये वायफाय कार्डावर उजवी क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग 'पॉवर मॅनेजमेंट'. तिथली वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करू देणारी पहिली खूण काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅबच नसतो, त्याचं कारण त्यांची झोपण्याची पद्धत वेगळी आहे. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'वायरलेस अ‍ॅडॉप्टर सेटिंग्ज' दिसत असेल तर 'मॅक्झिमम परफॉर्मन्स' ठेवा.

त्याच प्रॉपर्टीजमधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये इंटेलच्या कार्डांना 'रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस' असतं. घरात एकच राउटर असेल तर ते सर्वांत खालच्या पायरीवर आणा, म्हणजे कार्ड सारखं दुसरं घर शोधत फिरणार नाही. दोन अ‍ॅक्सेस पॉइंट असतील तर मधलीच पायरी बरी. 'प्रिफर्ड बँड' ५ गिगाहर्ट्झवर ठेवा.

ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, तुमचं नेमकं मॉडेल टाकून घ्या. विंडोजच्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर नवा टाकण्याआधी 'रोल बॅक ड्रायव्हर' करून बघा. बदलानंतर 'शट डाउन' पुरेसं नाही. 'फास्ट स्टार्टअप'मुळे ड्रायव्हर जुन्याच अवस्थेतून उठतो, म्हणून 'रीस्टार्ट' निवडा. 'नेटवर्क रीसेट' हा शेवटचा पर्याय. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनची जोडणी जाते, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटी विभागाला विचारल्याशिवाय करू नका.

दोन राउटर आणि एकच पत्ता

चांगला राउटर विकत आणून कंपनीच्या डब्याला जोडला आणि त्यानंतर नेट विचित्र तुटायला लागलं, असं अनेक घरांत होतं. केबल दोन्हीकडे लॅन पोर्टमध्ये असेल तर दोन्ही यंत्रं डीएचसीपीने पत्ते वाटत बसतात. एकाने टीव्हीला दिलेला पत्ता दुसरा लॅपटॉपला देऊ शकतो, मग दोघांपैकी एक गळतो. दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर आणखी गोंधळ.

दोन सरळ मार्ग आहेत. नवा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाका. तसा पर्याय नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि मगच लॅन ते लॅन जोडा. किंवा डब्याचा लॅन पोर्ट नव्या राउटरच्या वॅन पोर्टला जोडा, नव्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा वेगळा ठेवा आणि डब्याचं वायफाय बंद करा.

कार्ड आणि अँटेना

झाकण मागेपुढे करताना सिग्नलचे टक्के उड्या मारत असतील तर तारेवर संशय घ्या. अँटेना पडद्याच्या कडेत असतात आणि त्यांच्या दोन बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. राउटरपासून दोन मीटरवर बसूनही ५० टक्क्यांच्या वर जात नाही, ही तार निसटल्याची ठळक खूण. स्क्रीन किंवा बिजागरी दुरुस्त करून आणल्यानंतर हे बऱ्याचदा घडतं.

वॉरंटी संपली असेल आणि हात बसलेला असेल तर खालचं झाकण काढा, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग दोन्ही तारांची गोल टोकं कार्डावर सरळ वरून दाबून टक् असं बसवा. तिरकं दाबलं तर ती कायमची चेपतात. कार्ड बदलायचं असेल तर आधी ते सुटं आहे की बोर्डवरच झाळलेलं, ते बघा. सुटं कार्ड बहुतेक एम.२ २२३० मापाचं असतं. इंटेल एएक्स२०१ आणि एएक्स२११ ठराविक इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्येच चालतात, एएक्स२१० मात्र साध्या पीसीआय एक्सप्रेसवर चालतं. दुकानदाराला, मग तो वाशीचा असो की लॅमिंग्टन रोडचा, जुन्या कार्डाचा फोटो दाखवूनच घ्या. उघडायचं नसेल तर दोन्ही पट्ट्यांचा यूएसबी वायफाय अ‍ॅडॉप्टर लावून आठवडा काढा. त्यावर अडचण आली नाही तर आतलं कार्ड किंवा तार दोषी.

दोष बाहेरच्या लाइनचा असेल तर

गेटवे उत्तर देतोय आणि ८.८.८.८ गप्प, असं वारंवार झालं की डब्यावरचे दिवे बघा. 'लॉस'चा (एल-ओ-एस) दिवा लाल म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही. 'पॉन' मिचमिचतोय म्हणजे पलीकडच्या यंत्राशी नोंदणी होत नाही. राउटरच्या पानावर 'आरएक्स पॉवर' (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसत असेल तर तो आकडा लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेला तर जोडणी काठावर आहे. कारणं सहसा साधी असतात: कपाटामागे काटकोनात दुमडलेली फायबर, मळलेलं हिरवं टोक, डक्टमध्ये उंदराने कुरतडलेली तार. दुमडलेली सैल करून मोठ्या वळणात ठेवा. टोक मात्र बोटाने किंवा रुमालाने पुसू नका, ते काम लाइनमनच्या क्लीनरचं.

तक्रार नोंदवताना 'नेट सारखं जातं' एवढंच सांगितलं तर पलीकडून राउटर रिस्टार्ट करा असं उत्तर येतं. त्याऐवजी तारीख, वेळ, 'गेटवेचा पिंग चालू, बाहेरचा बंद', दिव्याचा रंग आणि आरएक्स पॉवरचा आकडा सांगा, पिंगच्या दोन खिडक्यांचा फोटो जोडा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.